अण्णांचा नवा फोन आणि गेलेलं कॉल रेकॉर्डिंग

तुमचे अण्णा चिडलेत ते बरोबरच चिडलेत, हे आधी सांगतो. माणूस पैसे मोजून नवी वस्तू घेतो ती जास्त काम व्हावं म्हणून. जुन्यात होतं ते नव्यात नाही म्हटल्यावर कोणाचंही डोकं फिरेल.

तुम्ही लिहिलंत त्यावरून मला समजलं ते असं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अण्णांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे आणि ऑर्डरी सगळ्या फोनवर येतात. त्यांचा सात वर्षांचा अँड्रॉइड ८ वाला फोन बॅटरी फुगली म्हणून बाजूला पडला. दिवाळीत तुम्ही त्यांना नव्यातल्या नव्या अँड्रॉइडचा फोन घेऊन दिलात. आता कॉल रेकॉर्ड करायला गेलं की फोनमधून घोषणा होते आणि समोरचा व्यापारी सावध होतो. हिशोबाचं जुनं ॲप बसत नाही. मोबाइल डेटाचं बटण सापडत नाही. व्हॉट्सॲपवर आलेले डिझाइनचे फोटो फोल्डरमध्ये दिसत नाहीत. तुम्ही विचारलंय की यात जुनं अँड्रॉइड टाकता येईल का, आणि नाही तर फोन बदलून घ्यावा का.

मी सोलापुरात नवी पेठेच्या बाजूला २००६ पासून मोबाइल रिपेअरिंग करतो. ‘आधीचंच सॉफ्टवेअर मारून द्या’ ही मागणी नवी नाही. पण तुमच्या फोनला ते होणार नाही. फोन ज्या अँड्रॉइडवर कारखान्यातून निघतो त्याच्या खाली तो उतरत नाही. प्रोसेसर, मोडेम, कॅमेरा, स्क्रीन, प्रत्येकाला सिस्टीमशी बोलायला ड्रायव्हर लागतो, आणि कंपनीने ते त्या आवृत्तीपासून पुढचेच बनवलेले असतात. तुमच्या मॉडेलसाठी अँड्रॉइड ८ कधी तयारच झालं नाही. कोणी पाचशे-हजारात करून देतो म्हणाला तर फोन त्याच्या हातात देऊ नका.

ज्यांनी स्वतःच्या फोनवर अपडेट घेतला आणि पस्तावले त्यांचं प्रकरण वेगळं. तिथे मागे जाता येतं, पण क्वचित. सॅमसंगचा फोन असेल तर सेटिंगमध्ये बिल्ड नंबर बघा. त्यातलं शेवटून पाचवं अक्षर म्हणजे बूटलोडरची, फोन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रामची, पायरी. जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये तेच अक्षर असेल तर उतरता येतं, फोनमधली पायरी वर गेलेली असेल तर फोन जुनी फाइल घेतच नाही. बऱ्याच कंपन्यांनी असं कुलूप घातलंय, कारण जुन्या आवृत्तीतली सुरक्षेची भोकं चोरांना पाठ असतात. आणि उतरता आलं तरी आतला सगळा डेटा पुसला जातो. बूटलोडर उघडून दुसरी रॉम, म्हणजे बाहेरच्यांनी बनवलेली सिस्टीम, टाकण्याचा मार्ग आहे, पण त्यानंतर बँकेची आणि पैसे पाठवायची ॲप बऱ्याचदा चालायला नकार देतात. ज्याचा धंदा यूपीआयवर चालतो त्याने त्या वाटेला जाऊच नये.

हे मी अनुभवाने सांगतोय. काही वर्षांपूर्वी एक शिक्षक अपडेटनंतर फोन संथ झाला म्हणून माझ्याकडे आले. मी आत्मविश्वासाने मागची फाइल चढवली. कंपनीने मधल्या अपडेटमध्ये कुलूप घातलं होतं, ते मी तपासलं नव्हतं. फोन जागेवर डेड झाला. दोन दिवस झटून फोन उठवला, पण त्यात त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याचे फोटो होते, ते गेले. सर मला काही बोलले नाहीत. तेव्हापासून बॅकअप स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी फाइल चढवत नाही.

आता रेकॉर्डिंग. तुमच्या चार तक्रारींत खरी तक्रार हीच आहे, बाकीच्या तिच्यामुळे मोठ्या वाटतायत.

यंत्रमागाच्या खडखडाटात उभं राहून फोन घेणारा माणूस काय ऐकतो ते मला माहीत आहे. ‘३० बाय ६०’ हे साइज ऐकू येतं, पण पुढे तीस डझन म्हणाले की तेवीस, पिस्ता म्हणाले की पिवळा, ते लक्षात राहत नाही. रात्री घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकायचं आणि वहीत उतरवायचं, ही सोलापुरातल्या कितीतरी छोट्या कारखानदारांची पद्धत आहे. एकदा सुताचे एक एजंट डिस्प्ले फुटलेला फोन घेऊन आले. दुरुस्ती नको, म्हणाले, फक्त एक कॉल ऐकायचाय. मी माझ्याकडचा सुटा डिस्प्ले जोडला. त्यांनी फोन कानाला घट्ट लावून ते रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं, माझ्याच बिलबुकाच्या पाठीवर एक आकडा लिहिला, कागद फाडून घेतला, आणि फोन तिथेच ठेवून गेले. तो आकडा फोनपेक्षा महाग होता. त्यामुळे ‘रेकॉर्डिंग काय एवढं मोठं’ असं कोणी अण्णांना म्हणत असेल तर त्यांना हे सांगा.

ही सोय गेली कशी? अण्णांच्या अँड्रॉइड ८ पर्यंत बाहेरची ॲप कॉलचा दोन्ही बाजूंचा आवाज घेऊ शकत होती. २०१८ मध्ये अँड्रॉइड ९ आलं आणि ती वाट बंद झाली. मग ॲप बनवणाऱ्यांनी आडवाट शोधली, ॲक्सेसिबिलिटीची. ही परवानगी मुळात अंध आणि अपंग माणसांच्या मदतीसाठी आहे. ती मिळालेलं ॲप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. गूगलने प्ले स्टोअरच्या नियमांत बदल करून ११ मे २०२२ पासून कॉल रेकॉर्डिंगसाठी तिचा वापर बंद केला. ट्रूकॉलरनेही तेव्हा आपली रेकॉर्डिंगची सोय काढली. गूगलचा स्वतःचा फोन ॲप रेकॉर्ड करतो, पण दोन्हीकडे ऐकू जाईल अशी घोषणा करून. आयफोनला तर इतकी वर्षं ही सोयच नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयओएस १८.१ बरोबर आली, तीही घोषणा करूनच.

म्हणजे ही सोय विसरून राहिलेली नाही, ठरवून बंद केलेली आहे. आणि बंद करण्यामागचं कारण मला मान्य आहे, जरी त्याचा त्रास अण्णांसारख्या सरळ माणसाला झाला. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका म्हणून एपीके, म्हणजे ॲप बसवायची फाइल येते, बँकेचं केवायसी म्हणून येते. लोक दाबतात, ते ॲप ॲक्सेसिबिलिटी मागतं, लोक हो म्हणतात, आणि ओटीपी वाचून खातं रिकामं होतं. असे फोन घेऊन आलेली माणसं मी समोर बसलेली बघितली आहेत. पेन्शनचे पैसे गेलेल्या एका काकांना पाण्याचा ग्लास धरता येत नव्हता. म्हणून हात जोडून सांगतो: ‘घोषणेशिवाय रेकॉर्डिंग’ म्हणून कुठली एपीके मिळाली तर ती अण्णांच्या फोनमध्ये टाकू नका. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आणलेल्या ॲपना ही परवानगी सहजी मिळत नाही, सेटिंग राखाडी दिसतं. ते कसं उघडायचं हे सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. बघूही नका.

मग करायचं काय? सगळ्या कंपन्या एकसारख्या नाहीत. काही कंपन्या स्वतःचा डायलर, म्हणजे कॉल लावायचा ॲप, देतात आणि त्यात घोषणेशिवाय रेकॉर्डिंग होतं. काहींनी गूगलचाच डायलर बसवलाय, तिथे घोषणा होणारच. तुमच्या फोनमध्ये हा दुसरा, गूगलचा, आहे हे उघड आहे. कंपनीच्या अधिकृत ॲप स्टोअरमध्ये किंवा प्ले स्टोअरवर त्याच कंपनीचा जुना डायलर तुमच्या मॉडेलसाठी मिळतो का ते एकदा बघा. मिळाला तर प्रश्नच मिटला. नाही मिळाला तर तुमच्या फोनवर शांत रेकॉर्डिंगचा सरळ मार्ग नाही.

पण अण्णांना रेकॉर्डिंग हवंय कशाला? आकडा पक्का करायला. तो आणखी एका मार्गाने पक्का होतो, आणि माझ्या मते जास्त पक्का. कॉल ठेवला की लगेच त्या व्यापाऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवायचं: ‘३० बाय ६०, पिस्ता, तीस डझन, शनिवारी गाडीला.’ टाइप करायला त्रास होत असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोलायचं, नाहीतर सरळ व्हॉइस मेसेज. समोरून ‘हो’ किंवा अंगठा आला की ऑर्डर पक्की. उद्या वाद झाला तर एकट्याने केलेल्या रेकॉर्डिंगपेक्षा समोरच्याने दिलेला होकार दाखवायला बरा. माझ्या ओळखीच्या दोघा कारखानदारांनी ही सवय लावून घेतली. पहिले पंधरा दिवस कुरकुरले, आता माल चुकीचा जाणं बंद झालंय. आणि घोषणा होते म्हणून रेकॉर्डिंग टाकूनच द्यायचं असंही नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकाला एकदा सांगून ठेवा, ‘मागाच्या आवाजात ऐकू येत नाही, म्हणून रेकॉर्ड करतो.’ कोणी वाईट मानत नाही.

डेटाचं बटण आणि फोटो या दोन्ही गोष्टी गेलेल्या नाहीत, फक्त हलल्यात. अँड्रॉइड १२ मध्ये, २०२१ ला, वायफाय आणि मोबाइल डेटा मिळून ‘इंटरनेट’ असं एकच बटण झालं. ते दाबलं की आत दोन्ही स्विच असतात. काही कंपन्यांनी सुटं बटण ठेवलंय, वरून खाली ओढून पेन्सिलीच्या खुणेवर जा आणि ते वर आणता येतं का बघा. व्हॉट्सॲपचं फोल्डर आता बाहेर नसतं. फाइल मॅनेजरमध्ये आधी ‘अँड्रॉइड’, मग ‘मीडिया’, मग ‘कॉम डॉट व्हॉट्सॲप’, तिथे सगळे फोटो आहेत. अँड्रॉइड ११ पासून प्रत्येक ॲपला आपापल्या खोलीत राहायचा नियम झाला, म्हणून हा बदल. एक काळजी घ्या: व्हॉट्सॲप काढून टाकलं तर ते फोल्डरही जाऊ शकतं. डिझाइनचे फोटो वेगळे कॉपी करून ठेवा.

हिशोबाच्या ॲपचं दुखणं मात्र खरं आहे. अँड्रॉइड ६ च्या आधीच्या नियमांवर बनलेलं ॲप अँड्रॉइड १४ पासून नव्याने बसतच नाही. त्या जुन्या नियमांत ॲप बसवतानाच सगळ्या परवानग्या एकदम मिळून जायच्या, नंतर विचारणा नाही. चोर ॲप मुद्दाम स्वतःला जुनं दाखवून याचा फायदा घ्यायची. म्हणून दार बंद झालं आणि त्यात साधी, चांगली, पण बनवणाऱ्याने वाऱ्यावर सोडलेली ॲपही बाहेर राहिली. अण्णांचं ॲप त्यातलंच दिसतंय. याच्यावर इलाज नाही. जुन्या फोनमधून हिशोब बाहेर काढायचा एवढंच, ते खाली सांगतो.

तुम्ही शेवटी लिहिलंय, ‘कंपन्यांना आपल्यासारख्यांचं काही पडलेलं नसतं.’ हे मला अर्धंच पटतं. नवी सिस्टीम अपुरी येणं हे पहिल्यापासून चालत आलंय. २००७ च्या पहिल्या आयफोनला कॉपी-पेस्ट नव्हतं, ते २००९ मध्ये आलं. विंडोज फोन ७ सुद्धा २०१० ला कॉपी-पेस्टशिवाय आला आणि २०११ मध्ये ते मिळालं, पण २०१२ ला विंडोज फोन ८ निघाला तेव्हा ७ च्या फोनना त्यावर जाताच आलं नाही. जिओफोन २०१७ मध्ये आला तेव्हा त्याच्या कायओएस या सिस्टीमवर व्हॉट्सॲप नव्हतं, सप्टेंबर २०१८ मध्ये आलं. अँड्रॉइड ५ ने २०१४ मध्ये सायलेंट मोडच बदलून टाकला. पूर्ण शांत केलं की गजरही वाजायचा नाही. जगभर ओरड झाली आणि पुढच्या वर्षी अँड्रॉइड ६ मध्ये ‘फक्त गजर वाजू दे’ असा पर्याय आला. अँड्रॉइड ४.४ ने मेमरी कार्डावर लिहायची बाहेरच्या ॲपची परवानगी काढली, तीही ५ मध्ये वेगळ्या रूपात परत आली.

आणि आपली मराठी. अँड्रॉइड २.२, २.३ चे फोन आपल्या बाजारात आले तेव्हा बऱ्याच फोनवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. लोक मला पेपर उघडून दाखवायचे, पानभर चौकोन. तेव्हा मी ऑपेरा मिनी टाकून द्यायचो. पत्त्याच्या पट्टीत ‘ऑपेरा कोलन कॉन्फिग’ लिहायचं, सगळ्यात खाली अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फाँट वापरायचा पर्याय असायचा, तो ‘येस’ करायचा. मग अक्षरं चित्रासारखी यायची, थोडी जाड, थोडी पुसट, पण वाचता यायची. चौकोन जाऊन मराठी उमटली की म्हातारी माणसं फोन जवळ घेऊन मोठ्याने वाचायची. पुढे बऱ्याच फोनवर मराठी दिसायला लागली तरी ‘ॲ’ च्या जागी चौकोन यायचा, कारण त्या अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, स्वतःची जागा मिळाली तीच २००८ साली. फोनची सगळी भाषाच मराठी करायची सोय अँड्रॉइड ५ मध्ये आली. अशोक चौकात तेलुगू, कन्नड, मराठी एकाच घरात बोलली जाते. त्या तिन्ही भाषा त्याच एका आवृत्तीत आल्या. ते वर्ष मी विसरणार नाही. म्हणून सांगतो, मागणी सोडू नका. गूगलच्या फोन ॲपमध्ये ‘मदत आणि फीडबॅक’ आहे, त्यात मराठीतच लिहा की मागाच्या आवाजात काम करणाऱ्याला रेकॉर्डिंग का लागतं. घोषणा जाईल असं मला वाटत नाही. पण ती कधी आणि किती मोठ्याने व्हावी, ऑर्डर आपोआप लिहून मिळावी का, हे सगळं अजून बदलू शकतं.

फोन बदलायचा का? बटण, फोटो आणि ॲप यांच्यासाठी बदलू नका, दुसऱ्या कुठल्याही नव्या फोनमध्ये हेच असणार. महिनाभर व्हॉट्सॲपची पद्धत करून बघा. तरीही अण्णांचं रेकॉर्डिंगवाचून अडत असेल तर हा फोन घरात कोणाला तरी द्या आणि दुसरा घ्या. घेताना दुकानातच आपलं सिम त्यात टाका, स्वतःच्या दुसऱ्या फोनवर कॉल लावा, रेकॉर्ड दाबा आणि दोन्हीकडे काय ऐकू येतं ते बघा. विक्रेत्याच्या तोंडच्या ‘हो हो, सगळं आहे’वर जाऊ नका, त्याने त्या मॉडेलवर कधी रेकॉर्डिंग केलेलंच नसतं.

जुन्या फोनचं मात्र आज-उद्याच बघा. बॅटरी फुगलेला फोन चार्जिंगला लावू नका, मागचं कव्हर दाबून बसवू नका, आणि उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. आधी बॅटरी बदलून घ्या. फोन सुरू झाला की हिशोबाच्या ॲपमध्ये ‘एक्स्पोर्ट’ किंवा ‘बॅकअप’ शोधा. एक्सेल किंवा सीएसव्ही मिळालं तर उत्तम. पीडीएफ मिळालं तरी चालेल. काहीच नसेल तर प्रत्येक पार्टीच्या खात्याचा स्क्रीनशॉट काढा, कंटाळवाणं आहे पण एका रविवारी होतं. जुनी रेकॉर्डिंग आहेत ते फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. यातलं सगळं नव्या फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरवर उघडून बघेपर्यंत जुना फोन रिसेट करू नका आणि एक्स्चेंजमध्येही देऊ नका.

बॅटरी बदलायला देण्याआधी अण्णांना त्या फोनचा पॅटर्न विचारून कागदावर काढून घ्या. फोन महिनाभर बंद असेल तर हाताची सवय मोडलेली असते, आणि पॅटर्न आठवला नाही तर रिसेटशिवाय फोन उघडत नाही. रिसेट केला तर हिशोब गेला.